घरात केबलची वायरच नाही, मग टीव्ही कसा लावायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भिंतीत कोॲक्सची वायर (मध्ये तार, भोवती जाळी असलेली केबल टीव्हीची गोल वायर) टाकलेली नाही. मग केबल मिळणारच नाही का?

मिळते. भिंतीतली वायर ही सोय आहे, अट नव्हे. केबलवाल्याच्या टॅपपासून, म्हणजे घरोघरी फाटे निघतात त्या डब्यापासून, तुमच्या सेट टॉप बॉक्सपर्यंत एक सलग वाट असली की काम भागतं. ती वाट डक्टमधून, खिडकीशेजारच्या भोकातून, प्लास्टिकच्या पट्टीतून किंवा फोनच्या जुन्या पाइपातून जाऊ शकते. आता बऱ्याच ठिकाणी तांब्याऐवजी फायबरच घरात येतं.

आधी दोन जागा ठरवा: वायर शिरणार कुठून आणि बॉक्स बसणार कुठे. बहुतेक घरांत हे उलटं होतं. टीव्ही भिंतीवर ठोकला जातो, फर्निचर येतं, रंग होतो, आणि मग केबलवाला दारात उभा राहून विचारतो, "वायर कुठून घेऊ?"

बिल्डरने टीव्ही पॉइंट दिलाय, पण त्यात सिग्नल नाही.

प्लेटचे दोन स्क्रू काढून आत बघा. तीनपैकी एक गोष्ट दिसेल. एक, नुसता रिकामा पाइप. हे उत्तम, कारण हवी ती वायर ओढता येते. दोन, वायर आहे पण तिचं दुसरं टोक हरवलंय. ते बहुधा मुख्य दारावरच्या माळ्याशी, वीजमीटरच्या डक्टमध्ये किंवा बाथरूमच्या फॉल्स सीलिंगवर गुंडाळून ठेवलेलं सापडतं. तीन, प्लेटमागे भिंतच. तेव्हा बिल्डरशी बोला, पाइप शोधत बसू नका.

टोक सापडलं पण हीच ती वायर का, याची खात्री नसेल तर मल्टिमीटर काढा. एका टोकाला मधली तार आणि जाळी एकमेकींना टेकवा आणि दुसऱ्या टोकाला बीप येते का बघा. टेकवलेलं सोडल्यावरही बीप येत राहिली तर मध्ये कुठेतरी शॉर्ट आहे, बहुधा खिळा गेलाय.

इमारत १९९० च्या दशकातली आहे, भिंतीत जुनी बारीक वायर आहे. ती चालेल?

ती बहुधा आरजी ५९, म्हणजे कोॲक्सचा जुना, बारीक प्रकार असेल. ॲनालॉगच्या काळात तिने काम भागवलं, कारण सिग्नल कमी पडला तर पडद्यावर मुंग्या यायच्या आणि लोक त्यातही मॅच बघायचे. मुंबईत ऑक्टोबर २०१२ अखेर केबल डिजिटल झाली, पुणे, नाशिक, नागपूरसारख्या शहरांत पुढच्या टप्प्यात मार्च २०१३ ला, आणि उरलेल्या भागासाठी शेवटची मुदत मार्च २०१७ ची होती. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. चित्र एक तर स्वच्छ दिसतं, नाही तर चौकोन पडून अडकतं. त्यामुळे काल चाललेली वायर आज नापास होऊ शकते.

अंतर १० मीटरच्या आत असेल आणि वायर कुठे चिरडलेली नसेल, तर वापरून बघायला हरकत नाही. लांब असेल तर तिचा उपयोग एवढाच, की तिच्या टोकाला नवी वायर बांधून ओढायची.

कुठली वायर घ्यायची आणि किती?

आरजी ६ प्रकारची कोॲक्स, ७५ ओहम. बाहेरची जाडी साधारण ७ मिलिमीटर, मधली तार १ मिलिमीटरची. स्वस्त वायरीत कंजुषी जाळीत केलेली असते. साल सोलून बघा. फॉइलवर मोजून सात-आठ तारा दिसत असतील तर ती वायर परत द्या. फॉइल आणि दाट जाळी हवी. ट्राय-शील्ड म्हणजे फॉइल, जाळी, पुन्हा फॉइल. रस्त्याला लागून घर असेल किंवा जवळ मोबाइल टॉवर असेल तर तीच घ्यावी.

मधली तार बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते. केबलला ती चालते. डिश अँटेनाला मात्र याच तारेतून वीज जाते, म्हणून लांब अंतरावर शुद्ध तांब्याची बरी.

लांबी मोजताना दोरी लावा, नजरेने अंदाज करू नका. दोरी भिंतीच्या कोपऱ्याकोपऱ्याने फिरवा आणि वर दीड-दोन मीटर जास्त धरा. दुकानात वायर मीटरवर मिळते आणि १००-मीटरचं बंडलही मिळतं. घराला एक सलग तुकडा हवा. "दहा मीटर कमी पडतेय, जोड देतो" असं कोणी म्हणालं तर मागची वायर परत गुंडाळायला सांगा. बिघाड वायरीत क्वचित होतो. तो होतो जोडात.

किती अंतरापर्यंत सिग्नल टिकतो?

याचं साधं गणित आहे, आणि ते केलं की केबलवाल्याशी वाद घालावा लागत नाही. केबलच्या वरच्या फ्रिक्वेन्सीला, म्हणजे ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास, आरजी ६ दर मीटरला साधारण ०.२ डीबी (डेसिबल, सिग्नलच्या ताकदीचं माप) खाते. एका वायरीचे फाटे करणारा स्प्लिटर दोन टीव्हींचा असेल तर ४ डीबी, चार तोंडांचा ७ ते ८ डीबी. प्रत्येक बऱ्या कनेक्टरला अर्धा डीबी धरा.

समजा मजल्यावरच्या टॅपवर ७२ डीबी मायक्रोव्होल्ट मिळतात. दारापासून हॉलपर्यंत २५ मीटर वायर, ५ गेले. दोनचा स्प्लिटर, ४ गेले. पुढे बेडरूमपर्यंत १२ मीटर, अडीच गेले. कनेक्टरांचा एखाददुसरा डीबी. हातात साधारण ५९ उरले. बॉक्सला ५० ते ६५ च्या दरम्यान मिळालं की तो खूश असतो, म्हणजे हे गणित बसलं.

हाच हिशेब बंगल्याला लावा. फाटकाबाहेरच्या खांबापासून घरापर्यंत ६० मीटर असेल तर १२ डीबी नुसत्या वायरीत जातात. तिथे आरजी ११ ही जाड कोॲक्स घ्यावी लागते. ती १० मिलिमीटरची आणि ताठ असते, पण नुकसान सुमारे एक तृतीयांशाने कमी होतं. ती घराच्या भिंतीपर्यंतच आणायची आणि आत आरजी ६ ला जोडायची. आरजी ११ चा कनेक्टर वेगळा असतो. आरजी ६ चा त्यावर बसवायला गेलात तर साल फाटते.

सिग्नल कमी पडतोय. टीव्हीजवळ ॲम्प्लिफायर लावू का?

टीव्हीजवळ नको. तिथे पोचेपर्यंत सिग्नल थकलेला असतो आणि त्यात गोंगाट मिसळलेला असतो. ॲम्प्लिफायर दोन्ही वाढवतो. तो लावायचाच असेल तर वायर घरात शिरते तिथे, स्प्लिटरच्या आधी. आणि मीटरने मोजल्याशिवाय नकोच. ८० च्या वर सिग्नल गेला तरी चित्र तसंच फुटतं, आणि लोक आणखी मोठा ॲम्प्लिफायर आणतात. अशा वेळी लागतो तो सिग्नल कमी करणारा अटेन्युएटर, दहा डीबीचा एक छोटासा पितळी तुकडा.

भिंतीला भोक कसं पाडायचं?

वायर आधी ओवून मग कनेक्टर लावणार असाल तर १० मिलिमीटरचा बिट पुरतो. कनेक्टरसकट काढायची असेल तर १४. भोक आतून बाहेर पाडा आणि बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या, म्हणजे पावसाचं पाणी आत ओघळणार नाही. बाहेर भोकाच्या खाली वायरीचा एक झोळ सोडा. पाणी झोळाच्या तळाशी येऊन ठिबकतं, भिंतीत शिरत नाही. मग भोक सिलिकॉनने बुजवा. पुट्टीने बुजवलेलं भोक पहिल्याच पावसात ओल देतं.

स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका. कन्सील वायरी त्याच रेषेत धावतात.

भिंत कसली आहे ते आधी बघा. कोकणातल्या जांभ्याच्या भिंतीत खिळ्याची क्लिप टिकत नाही, दगड भुसभुशीत सुटतो. वायर चिऱ्यांमधल्या सांध्यातून किंवा वाशाच्या कडेने न्या. जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतीवर ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाही तर वितभर पोपडा हातात येईल. काँक्रीटच्या कॉलम-बीमला हात लावूच नका.

भाड्याचं घर आहे, भोक पाडायची परवानगी नाही.

एसीच्या पाइपाचं भोक बघा. त्यात एका वायरीपुरती जागा बहुधा असतेच. ते नसेल तर खिडकीसाठी चपटा कोॲक्स जम्पर मिळतो. तो पट्टीसारखा असतो, दोन्ही टोकांना कनेक्टर असतात आणि खिडकी त्यावर बंद होते. थोडा सिग्नल तो खातो, पण चालतो. साधी गोल वायर मात्र स्लाइडिंगच्या ट्रॅकमधून नेऊ नका. रोज खिडकी सरकते, वायर चेपते, आतला पांढरा फोम दबतो आणि महिन्याभरात काही चॅनल गायब होतात.

आतून केसिंग पट्टी लावा. ती साधारण २-मीटरच्या तुकड्यांत मिळते. डबल टेपवाली घेतली तर रंगाचं नुकसान कमी, पण ऑइल पेंटवरच टेप नीट धरते. चुन्याच्या भिंतीवर दुसऱ्या दिवशी पट्टी खाली आलेली असते.

फोनच्या जुन्या पाइपातून वायर ओढता येईल?

येईल, आणि पुष्कळदा हीच सगळ्यात सुबक वाट असते. २०-मिलिमीटरच्या पाइपातून एक आरजी ६ आरामात जाते. जुन्या फोनच्या वायरीला थेट नवी वायर बांधून ओढू नका, ती कोवळी असते, मध्येच तुटते. आधी तिच्यामागे इलेक्ट्रिशियनची स्प्रिंग किंवा मजबूत नायलॉनची दोरी ओढून घ्या, मग कोॲक्स. टोकावर इन्सुलेशन टेप निमुळती गुंडाळा, कनेक्टर आधी लावू नका. अडली तर टाल्कम पावडर लावा; तेल किंवा साबण नको. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने ओढायचं, दोघांनी एकमेकांना आवाज देत. तीन वळणांच्या पुढे जोर केला तर वायर आत ताणून बारीक होते. ती बाहेरून ठीक दिसते आणि सिग्नल मात्र खाते.

विजेच्या पाइपातून कोॲक्स कधीच नेऊ नका. शेजारून न्यायची असेल तर ३० सेंटिमीटर अंतर ठेवा, आणि ओलांडायची असेल तर काटकोनात.

कनेक्टर स्वतः लावता येतो का?

येतो, पण घाई नको. टोकापासून १२ मिलिमीटर काळं साल काढा. जाळी बाहेरच्या सालीवर मागे उलटवा, एकही तार पुढे राहता कामा नये. मग पुढच्या ६ मिलिमीटरचा पांढरा फोम त्याला चिकटलेल्या फॉइलसकट कापून मधली तार उघडी करा. ब्लेडचा चरा तारेवर उमटला तर टोक कापून पुन्हा सुरुवात करा. त्या चऱ्यावरच तार पुढे मोडते. कनेक्टर दाबून सरकवा. आतल्या तोंडाशी पांढरा फोम अगदी सपाट दिसला पाहिजे आणि मधली तार नटाच्या कडेच्या एक ते दोन मिलिमीटर पुढे. मग कॉम्प्रेशनच्या पक्कडीने दाबा.

फिरवून बसवायचे कनेक्टर हाताने लागतात म्हणून लोकप्रिय आहेत, आणि तेवढ्याच सहज सुटतात. क्रिम्पचा साध्या पक्कडीने चेपलेला कनेक्टर त्याहून बरा, पण ओल धरतो. जाळीची केसाएवढी एक तार मधल्या तारेला टेकली की 'नो सिग्नल'. बॉक्स बदलण्याआधी ती तार शोधा.

केबलवाला म्हणतो फायबर टाकतो. त्यात कोॲक्स लागतच नाही?

शेवटचे एक-दोन मीटर लागते. घरात येणारी फायबरची वायर चपटी, बारीक असते. ती भिंतीवरच्या छोट्या डब्यात, म्हणजे ओएनयूमध्ये, जाते. डब्याला इंटरनेटचं तोंड असतं, आणि त्यावर केबल टीव्हीचं गोल तोंड असेल तर तिथून बॉक्सला आरजी ६ जोडतात. एकाच फायबरवर इंटरनेट १४९० नॅनोमीटरवर उतरतं आणि टीव्ही १५५० वर. म्हणून इंटरनेट धडाक्यात चालू आणि टीव्ही बंद, असं होऊ शकतं. तक्रार करताना दोन्ही वेगवेगळं सांगा.

इथे चुका वेगळ्या होतात. हिरवा कनेक्टर हिरव्यातच जातो, निळा निळ्यात. हिरवा तिरपा घासलेला असतो. तो निळ्यात खुपसला तर बसतो, पण मध्ये हवेची फट राहते, उजेड परत फिरतो आणि टीव्हीचं चित्र आधी बिघडतं. दुसरं, फायबरला काटकोनात मोडू नका. वळण पेल्याच्या गोलाईचं ठेवा. कपाटामागे दाबलेलं फायबर काही दिवस चालतं, रंगकामात कपाट हललं की बंद पडतं. आणि ओएनयूला वीज लागते. लाइट गेली की टीव्ही इन्व्हर्टरवर असून काही दिसत नाही, हा प्रश्न आम्हाला दर पावसाळ्यात येतो. डब्याचा प्लग इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावा.

दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीपर्यंत वायर नेणं शक्यच नाही.

तिथेही तेच चॅनल चालणार असेल, तर बॉक्स हॉलमध्ये ठेवा आणि एचडीएमआय स्प्लिटरने चित्र पुढे न्या. साध्या एचडीएमआय वायरीवर १० मीटरच्या पुढे भरवसा ठेवू नका. त्यापुढे कॅट ६ वायरीवरचा एक्स्टेंडर लागतो. कॅट ६ बारीक असल्याने पट्टीत सहज लपते. वायरलेस एचडीएमआयचे जोड एका विटेच्या भिंतीपलीकडे बरे चालतात, काँक्रीटपलीकडे अडखळतात. रिमोट दुसऱ्या खोलीतून चालावा यासाठी रिमोटचा इशारा पकडणाऱ्या डोळ्याची वायर असलेला एक्स्टेंडर घ्या, नाही तर चॅनल बदलायला हॉलमध्ये यावं लागेल.

वेगळा चॅनल हवा असेल तर दुसरा बॉक्स आणि दुसरी वायर. त्याचे दर ऑपरेटरला आधी विचारा.

विजेच्या तारांतून किंवा वायफायवरून केबल पाठवता येते का?

केबलचा सिग्नल नाही. पॉवरलाइन ॲडॉप्टर इंटरनेट नेतात, तेही एकाच फेजवर आणि इन्व्हर्टर मध्ये नसेल तर. तुमच्या ऑपरेटरचा बॉक्स इंटरनेटवर चालणारा असेल तर गोष्ट वेगळी; एचडीसाठी प्रत्येक टीव्हीला ८ एमबीपीएस स्थिर मिळाले की पुरे.

त्यापेक्षा डिश लावली तर?

डिशलाही कोॲक्स लागतेच, फक्त ती तुमच्याच गच्चीवरून किंवा बाल्कनीतून येते. आधी आकाश बघा. मुंबईतून ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह दक्षिण-आग्नेयेला आणि चांगला उंच दिसतो, ९३.५ अंशांवरचा आग्नेयेला, १०८ अंशांवरचा पूर्व-आग्नेयेला आणि त्यांच्यापेक्षा खाली. बाल्कनी पश्चिमेला किंवा उत्तरेला असेल तर तिथे डिश लावून उपयोग नाही, गच्चीच लागते आणि त्यासाठी सोसायटीची परवानगी. समोर नारळ असेल तर वाऱ्याच्या दिवशी चित्र अडकेल.

डिशची वायर ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर चालते, तिथे वरच्या टोकाला आरजी ६ दर मीटरला ०.३ डीबीच्या वर खाते. ३०-४० मीटरच्या पुढे जपून. आणि केबलचा साधा स्प्लिटर इथे चालत नाही. बॉक्स याच वायरीतून डिशला १३ किंवा १८ व्होल्ट देतो. दोन बॉक्स असतील तर दोन तोंडांचा एलएनबी (डिशच्या समोर बसणारा, सिग्नल पकडणारा डबा) आणि दोन वायरी.

महिन्याचा खर्च नको असेल तर डीडी फ्री डिश आहे. डिश आणि बॉक्स एकदाच घ्यायचे, सह्याद्री वाहिनी त्यावर दिसते.

नवीन टीव्हीत ट्यूनर आहे. बॉक्स न लावता वायर थेट टीव्हीत घातली तर?

केबलचे चॅनल कुलूपबंद येतात. ट्यूनर नावं शोधेल, चित्र दाखवणार नाही.

ठरावीक चॅनलच फुटतात, बाकी छान दिसतात. वायर खराब कशी म्हणता?

नेमकी तिथेच वायर खराब असते. वायर वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्त खाते, म्हणून वरचे चॅनल आधी जातात. बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान असतं. चांगला आणि फुटणारा, दोन्ही चॅनलवर ताकद आणि गुणवत्ता वाचून लिहून ठेवा. ताकद बरी पण गुणवत्ता पडलेली असेल तर जोड, शील्ड किंवा ओल. दोन्ही पडलेली असतील तर अंतर किंवा स्प्लिटर. शेजाऱ्याकडेही तेच चॅनल फुटत असतील तर तुमच्या घरात काही शोधू नका.

स्प्लिटरचं एखादं तोंड मोकळं असेल तर त्यावर ७५ ओहमची टोपी लावा. दहा-वीस रुपयांची ही टोपी लावायला लोक विसरतात. मोकळ्या तोंडातून सिग्नल परत फिरतो.

वायर जोडताना हाताला झिणझिण्या येतात.

बॉक्सला दोन पिनचा ॲडॉप्टर असतो, त्यातून अगदी बारीक गळती जाळीवर येते. तिने मुंग्या येतात, धोका सहसा नसतो. म्हणून जोडण्यापूर्वी टीव्ही आणि बॉक्स दोन्हींचे प्लग काढा. प्लग काढूनही येणाऱ्या वायरीला झटका बसत असेल तर ती वीज बाहेरून येतेय. जिन्यातल्या ॲम्प्लिफायरचं अर्थिंग गेलंय किंवा केबल कुठेतरी विजेच्या तारेला घासतेय. ती वायर हातात घेऊ नका, ऑपरेटरला बोलवा. दुरुस्तीनंतरही मन मानत नसेल तर अशी गळती अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर मिळतो, वायर आणि बॉक्स यांच्यामध्ये लावायचा.

विजा कडकडत असताना वायर बॉक्समधून काढून ठेवा. त्यासाठी कनेक्टर हाताच्या टप्प्यात हवा. युनिटमागे खोल कोंबलेला कनेक्टर त्या रात्री कोणी काढत नाही.

घर बदलताना ही वायर सोबत न्यावी का?

बॉक्स, ॲडॉप्टर, रिमोट आणि स्प्लिटर घ्या. वायर राहू द्या, फक्त तिचं टोक टेपने बंद करून त्यावर 'केबल, गच्चीकडून' किंवा 'केबल, डक्टकडून' असं मार्करने लिहून ठेवा.